पाच हजार पौंडांची इस्टेट

मराठी घरात 'इस्टेट' हा शब्द कुणी उच्चारला की चार कान टवकारतात. त्यातले दोन भावाचे असतात आणि दोन वकिलाचे. आपल्याकडे इस्टेट ही आजोबांनी करायची, मुलांनी वाटायची आणि नातवंडांनी तारखेला जाऊन बघायची गोष्ट. इंग्लंडमध्ये मात्र इस्टेटीला चार चाकं असतात आणि मागच्या काचेला वायपर असतो. ज्या मोटारीचं छप्पर मागच्या टोकापर्यंत सरळ जातं आणि डिक्की वेगळी न राहता गाडीचंच एक प्रशस्त माजघर होते, तिला तिथे इस्टेट म्हणतात. हा निव्वळ शब्दांचा योगायोग नाही. जहागिरी असलेल्या साहेबांकडे पाहुणे रेल्वेने येत. त्यांच्या पेट्या, बंदुका आणि कुत्री स्टेशनवरून हवेलीवर न्यायला लाकडी सांगाड्याची लांब मोटार लागे. अमेरिकेने सामान कुठून आणायचं ते बघून तिला 'स्टेशन वॅगन' म्हटलं, इंग्रजांनी कुठे न्यायचं ते बघून 'इस्टेट' म्हटलं. म्हणजे मूळ शब्द आपला तोच, जमीनजुमल्याचा. खुद्द राणी एलिझाबेथ यांनीही आधी व्हॉक्सॉल क्रेस्टाची आणि पुढे जॅग्वार एक्स-टाइपची इस्टेट स्वतः चालवली, त्यामुळे या गाडीला गरिबीचा डाग तिथे कधी लागला नाही.

आपल्याकडे तो लागला. टाटांनी १९९२ साली पुण्यातून 'टाटा इस्टेट' याच नावाची गाडी बाजारात आणली. पुढे मारुतीने बलेनो अल्टुरा आणून पाहिली, टाटांनी पुन्हा इंडिगो मरीना आणली. गाड्या वाईट नव्हत्या, पण गिऱ्हाइकाच्या मनात एक हिशेब पक्का होता: डिक्की वेगळी दिसली तर साहेबाची गाडी, आणि मागे काचेची खोली दिसली तर अँब्युलन्स. त्यामुळे लंडनच्या आसपास, म्हणजे स्लाव, रेडिंग, हॅरो अशा ठिकाणी नोकरीला गेलेला मराठी माणूस इस्टेट घ्यायला निघतो, तेव्हा त्याला मुळात एक जुना संस्कार पुसावा लागतो. तो पुसण्याचं काम हीथ्रो विमानतळ करतो. आई-वडील सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात, प्रत्येकी दोन बॅगा, प्रत्येक बॅग तेवीस किलो, त्यात भाजणी, गोडा मसाला, कुकरच्या रिंगा आणि तिकडे मिळतो तसलाच एक पोळपाट. गोल्फसारख्या सभ्य गाडीच्या साडेतीनशे लिटरच्या डिक्कीसमोर हा ऐवज उभा राहिला की डिक्कीचं झाकण आणि कुटुंबाचं मन, दोन्ही मिटेनाशी होतात.

इथवर सगळं शहाणपणाचं आहे. साधी, संथ, डिझेलवर चालणारी जुनी इस्टेट घ्यावी आणि सुखाने भाजणी वाहावी. पण माणूस चाळिशीत असतो, अजून पुरता म्हातारा झालेला नसतो, आणि त्याला समजतं की याच चौकोनी खोक्यात वेगवान इंजिन घातलेल्या गाड्याही असतात. त्यांना 'परफॉर्मन्स इस्टेट' म्हणतात. वाणसामानाची पिशवी घेऊन शंभर मीटर शर्यतीत उतरावं, असा हा प्रकार आहे, आणि हे अलंकारिक नाही. १९९४ साली व्होल्व्होने ब्रिटनच्या टूरिंग कार स्पर्धेत ८५० मॉडेलची चक्क इस्टेट उतरवली होती. रिकार्ड रिडेल आणि यान लॅमर्स हे चालक. प्रतिस्पर्धी हसले, तर एकदा शर्यतीआधीच्या संचलनात मागच्या काचेत पेंढा भरलेलं कुत्रं ठेवून गाडी फिरवण्यात आली. तिने एकही शर्यत जिंकली नाही आणि पुढच्या वर्षी कंपनीने मुकाट्याने वेगळ्या डिक्कीची सलून मोटार आणली; पण लोकांच्या लक्षात राहिली ती इस्टेटच. त्याच १९९४ साली ऑडीने पोर्शेच्या मदतीने आरएस टू अव्हांट काढली: पाच सिलिंडर, ३१५ अश्वशक्ती, आणि मागे बाबागाडी ठेवायला जागा. तेव्हापासून युरोपातल्या कुटुंबवत्सल पुरुषाला एक कायमची पळवाट मिळाली. बायकोला डिक्की दाखवायची आणि स्वतः बॉनेट उघडून बघत बसायचं.

प्रश्न पैशांचा आहे. गृहीत धरू की खिशात पाच हजार पौंड आहेत, म्हणजे सहा लाख रुपयांच्या आसपास. या रकमेत ब्रिटनच्या जुन्या बाजारात जे काही समोर येतं त्याने शहाण्याचं डोकं फिरतं. एके काळी डॉक्टर-वकिलांच्या दारात उभ्या असलेल्या, तीनशे अश्वशक्तीच्या, चामड्याच्या खुर्च्यांच्या गाड्या साध्या नव्या स्कूटरवर थोडे पैसे टाकावेत अशा भावात मिळतात. इथेच माझं म्हणणं सुरू होतं, आणि ते एवढंच आहे: अशी गाडी बघायला जाताना मोटारशौकिनाचे डोळे घरी ठेवावेत आणि गावाकडची जमीन घेणाऱ्या माणसाचे डोळे लावून जावं. जमीन घेणारा समोरचा डोंगर आणि झुळझुळ ओढा बघून इसार देत नाही. तो आधी सातबारा मागतो. मोटारीचा वेग हा तो ओढा आहे.

कारण असं की गाडीची किंमत पडते, पण तिच्या सुट्या भागांची पडत नाही. गाडी विसरते की आपण नव्या असताना किती महाग होतो. तिचा गिअरबॉक्स विसरत नाही. ऑडीची २००३ नंतरची एस फोर अव्हांट घ्या. ४.२ लिटरचं व्ही-एट इंजिन, ३४४ अश्वशक्ती, आवाज असा की ऐकणाऱ्याने बँकेचं पासबुक फाडून टाकावं. या इंजिनाची टायमिंग चेन पुढच्या बाजूला नाही, मागे आहे, गिअरबॉक्सच्या अंगाला. चेनला वाट दाखवणाऱ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या झिजल्या की सकाळी गाडी सुरू करताना काही क्षण डब्यात नाणी खुळखुळावीत असा आवाज येतो. पट्ट्या तशा किरकोळ. पण तिथे हात पोचवायला अख्खं इंजिन बाहेर काढावं लागतं, आणि त्या मजुरीत गाडीची किंमत सहज बुडून जाऊ शकते. घराच्या पाठीमागच्या खिडकीचा कडीकोयंडा बदलायचा म्हणून घर उचलून बाजूला ठेवण्यासारखं हे आहे. जर्मन अभियंत्याने ही रचना केली तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर पहिला मालक होता. पाचवा मालक त्याच्या स्वप्नातही आला नव्हता, आणि आपण नेमके पाचवे मालक असतो.

व्होल्व्हो व्ही ७० आर हे दुसरं मृगजळ. पाच सिलिंडर, टर्बो, तीनशे अश्वशक्ती, चारही चाकांना ताकद, आणि दिसायला एखाद्या निवृत्त प्राध्यापकाची गाडी. तिचे शॉक ॲब्सॉर्बर इलेक्ट्रॉनिक आहेत आणि बदलायची वेळ आली की प्राध्यापकाचं निवृत्तिवेतन पुरत नाही. शिवाय ती वळायला इतकी जागा घेते की सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये एखादा एस. टी. चालकही संयम सोडेल. आणि साब नाइन-फाइव्ह एरो! हिच्याबद्दल लिहिताना मात्र माझा हात जरा अडखळतो, कारण इतकी समजूतदार, इतकी वेगवान आणि इतकी स्वस्त इस्टेट दुसरी सापडणं अवघड. पण साब ही कंपनीच डिसेंबर २०११ मध्ये दिवाळखोरीत गेली. या गाडीच्या इंजिनावर इग्निशनची एक लांबट कॅसेट बसते, ती कधीही दम तोडते, म्हणून जाणते मालक डिक्कीत स्टेपनीशेजारी एक जादा कॅसेट बाळगतात, जसं जुने लोक प्रवासात गंगाजलाची कुपी बाळगत. वारस नसलेली इस्टेट स्वस्त का मिळते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता सातबारा. ब्रिटनमध्ये गाडीचं जे मुख्य कागदपत्र आहे त्याला व्ही-फाइव्ह-सी म्हणतात. त्यावर गाडीचा नोंदणीकृत सांभाळकर्ता कोण ते लिहिलेलं असतं आणि सोबत ठळकपणे बजावलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नव्हे. आपला सातबाराही कायद्याच्या दृष्टीने महसुली नोंदच आहे, मालकीचा अंतिम पुरावा तोही नाही. हे कळायला आपल्याला तीन पिढ्या आणि दोन दिवाणी दावे लागले, इंग्रजाने ते कागदावरच छापून टाकलं. हा झाला नमुना सात. नमुना बारा, म्हणजे पीकपाण्याची नोंद, ती तिथे एमओटीच्या इतिहासात मिळते. एमओटी ही गाडी तीन वर्षांची झाली की दर वर्षी करायची तपासणी, १९६० पासून चालत आलेली. 'मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट' या खात्याची ती आद्याक्षरं. त्या नावाचं खातं केव्हाच गेलं, परीक्षा राहिली. गाडीचा क्रमांक घातला की कुठल्या वर्षी पास झाली, कुठल्या वर्षी नापास, तेव्हा ती किती मैल चालली होती, तपासनिसाने काय काय शेरे मारले, हे सगळं सरकार घरबसल्या फुकट दाखवतं. तलाठ्याची वाट बघावी लागत नाही.

या शेऱ्यांचं वाचन ही खरी विद्या आहे. एखाद्या वर्षी गाडी नापास झाली आणि चार दिवसांत दुरुस्त होऊन पास झाली, तर घाबरायचं कारण नाही. मालकाने खर्च केला. भीती वाटावी ती वेगळ्या नोंदीची. 'मागचा टायर कायदेशीर मर्यादेच्या जवळ झिजलेला' असा शेरा एका वर्षी, तोच पुढच्या वर्षी, आणि तिसऱ्या वर्षी त्याला 'ब्रेकची नळी किंचित गंजलेली' हा नवा भाऊ. याचा अर्थ मालक दर वर्षी काठावर पास होण्यापुरताच अभ्यास करणारा आहे. तीनशे अश्वशक्तीच्या गाडीचा मालक टायरला कंजूष असेल, तर तो ऑइललाही असतो. मैलांचे आकडेही बघावेत: दर वर्षी बारा हजार, बारा हजार, आणि मधेच एका वर्षी पाचशे. त्या वर्षी गाडी कुठे आजारी पडली होती, हे विचारायला हरकत नाही. आणि बोजा? तोही तिथे असतो. गाडीवर कुणाचं कर्ज शिल्लक आहे का, अपघातानंतर विमा कंपनीने तिला मोडीत काढलं होतं का, हे थोडे पैसे भरून तपासता येतं. ही तपासणी टाळून वाचलेले पौंड हा माणसाने स्वतःला दिलेला सर्वांत महाग आहेर असतो.

कागद झाल्यावर शिवार. इथे मोटारीचे जाणकार एक चूक करतात: ते थेट इंजिनकडे जातात. इस्टेट खरेदी करताना आधी मागे जावं. डिक्कीच्या उंबऱ्यावर, जिथून सामान आत सरकवतात त्या बंपरच्या काठावर, बारीक ओरखडे असतील तर आनंद मानावा. म्हणजे कुणी तरी तिच्यातून कपाटं वाहिली, कुत्रं नेलं, बागेची माती आणली. गाडी इस्टेटीसारखी वापरली गेली. मागचा गालिचा कोरा करकरीत, पण चालकाच्या खुर्चीची उजवी कड उसवलेली आणि पुढच्या टायरच्या कडा खाऊन गेलेल्या असतील, तर त्या गाडीने संसार केलेला नाही, नुसत्या शर्यती केल्यात. मग गालिचा उचलावा. स्टेपनीच्या खड्ड्यात पाणी साचलंय का, जुन्या पावत्या चिकटल्यात का, ते बघावं. चार टायर चार कंपन्यांचे असतील तर नमस्कार करून निघावं, आणि गाडी चारही चाकांना ताकद देणारी असेल तर नमस्कारही न करता निघावं, कारण कमी-जास्त झिजलेल्या टायरांवर तिची यंत्रणा भरडून निघते. शेवटी बॉनेटवर तळहात ठेवावा. आपण यायच्या आधीच इंजिन कोमट असेल, तर मालकाला आपल्याला काही तरी ऐकू द्यायचं नव्हतं.

जाहिरातींची भाषा हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. 'एसीत फक्त गॅस भरायचा आहे' असं लिहिणाऱ्याला विचारावं, एवढंच आहे तर तू का नाही भरलास? पण माझी आवडती कारणमीमांसा वेगळी: 'घरी पाळणा हलणार असल्याने नाइलाजाने विक्री.' दोन दारांची स्पोर्ट्स कार असती तर समजलं असतं. बाळ येणार म्हणून माणूस इस्टेट विकतो, हे पाऊस येणार म्हणून छत्री विकण्यासारखं आहे. त्या घरात जे येणार आहे ते बहुधा मेकॅनिकचं बिल असावं.

याशिवाय सरकारचा वाटा. २००१ ते २०१७ दरम्यान नोंदलेल्या गाड्यांवर तिथे धुरातल्या कार्बनच्या हिशेबाने वार्षिक कर लागतो. त्यात एक मौज आहे: २३ मार्च २००६ च्या आधी नोंदलेली गाडी कितीही धूर ओकत असली तरी तिला वरच्या दोन पायऱ्यांचा कर लागत नाही. म्हणजे एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन जुळ्या व्ही ७० आर. एक त्या तारखेच्या आधी नोंदलेली, तिला वर्षाला चारशे पौंडांच्या पुढेमागे, आणि दुसरी नंतरची, तिला सातशेच्या वर. जन्मवेळेचं महत्त्व न मानणाऱ्यांनी या कोष्टकाचा अभ्यास करावा. दुसरं संकट लंडनचं. २९ ऑगस्ट २०२३ पासून शहराच्या सगळ्या उपनगरांत जुन्या, धूर सोडणाऱ्या गाड्यांना दिवसाला साडेबारा पौंड भरावे लागतात. पेट्रोल गाडी साधारण २००६ नंतरची असली की सुटते. डिझेलला मात्र साधारण २०१५ च्या अखेरीनंतरचा जन्म लागतो. डॉलिस हिलला १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे, तीही याच वेढ्यात. वर्षातून एकच दिवस ही वसुली बंद असते, नाताळचा. गणेश चतुर्थीला जुन्या डिझेलमधून आरतीला जायचं तर साडेबारा पौंड आधी महापौरांच्या तबकात. 'डिझेलला ॲव्हरेज चांगलं' असा सल्ला पुण्याहून फोनवर देणाऱ्या काकांना हे सांगून उपयोग नसतो, पण सांगावं.

मग घ्यायचं काय? माझं उत्तर ऐकून शौकीन नाक मुरडतील: स्कोडा ऑक्टेव्हिया व्हीआरएस, पेट्रोल, हाताने गिअर टाकायची, इस्टेट. एके काळी ब्रिटनमध्ये स्कोडा हा विनोदाचाच प्रकार होता. टाकी भरली की गाडीची किंमत दुप्पट होते, असं म्हणत. १९९१ साली फोक्सवॅगनने हात घातला आणि विनोद हळूहळू बंद पडला. आपल्याकडे २००१ पासून औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, जी ऑक्टेव्हिया जोडली जाऊ लागली तिच्याच घराण्यातली ही. दुसऱ्या पिढीच्या, २००६ नंतरच्या गाडीत गोल्फ जीटीआयचंच दोन लिटरचं टर्बो इंजिन आहे, दोनशे अश्वशक्तीचं, आणि मागे ५८० लिटरची डिक्की. पण माझा मुद्दा अश्वशक्तीचा नाही, टॅक्सीचा आहे. ब्रिटनच्या कुठल्याही गावात रात्री टॅक्सी बोलवा, ऑक्टेव्हिया येण्याची शक्यता दांडगी. पोलीससुद्धा व्हीआरएस इस्टेट वापरत आले. जी गाडी टॅक्सीवाल्याची आहे तिचा प्रत्येक नट गल्लीतल्या गॅरेजवाल्याला तोंडपाठ असतो आणि सुटे भाग कोपऱ्यावर मिळतात. खोड्या तिलाही आहेत. सुरुवातीच्या इंजिनात इंधनाच्या पंपाखाली एक वाटीसारखा छोटा भाग झिजतो. तो वेळेवर बदलला तर किरकोळ खर्च, विसरला तर कॅमशाफ्टला ओरबाडतो. नंतरच्या इंजिनांत बेल्ट जाऊन चेन आली, तर त्यांतली काही ऑइल पितात आणि चेनचा टेन्शनर दगा देतो. पण इथे दुखणं ठाऊक आहे, औषध ठाऊक आहे आणि वैद्य घराजवळ आहे.

कुणी म्हणेल, एवढा व्यवहारच बघायचा तर वेगाचा हट्ट कशाला? साधी घ्या. आक्षेप योग्य आहे. पण पाच माणसं, ब्याण्णव किलो बॅगा आणि तो पोळपाट घेऊन मोटरवेच्या जोडरस्त्यावरून सत्तर मैलांच्या वाहत्या रांगेत शिरताना पिकअप ही चैन राहत नाही. शिवाय जोरकस गाडीला ब्रेकही जोरकस दिलेले असतात. आणि खरं सांगायचं तर, जुन्या बाजारात साधी आणि वेगवान यांच्या भावातला फरक इतका कमी होतो की मोह न होणं हेच संशयास्पद. दुसरा कुणी म्हणेल, एसयूव्ही घ्या. उंचीसाठी वजन वाहायचं, वजनासाठी पेट्रोल जाळायचं, आणि सामान ठेवताना तेवीस किलोची बॅग आणखी वीतभर उचलायची. कंबर ज्याची त्याची. तिसरा, म्हणजे खरा रसिक, म्हणेल की या स्कोडात आत्मा नाही, साबमध्ये आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. फक्त पाच हजारांतले साडेतीन हजार गाडीला आणि दीड हजार पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीला बाजूला ठेवले, तर आत्म्यासाठी तिसरी रक्कम उरत नाही, एवढं नोंदवतो. ज्याच्याकडे उरते त्याने साब घ्यावी आणि मला एकदा फिरवून आणावं.

व्यवहार पुरा होतो. किल्ल्या दोन्ही मिळतात, टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती मिळते, उंबऱ्यावरचे ओरखडे हस्तांतरित होतात. बातमी फोनवरून साताऱ्यापर्यंत पोचते की पोराने लंडनला इस्टेट केली. चुलत्यांचा पहिला प्रश्न, किती एकर. दुसरा, कुणाच्या नावावर. पाचशे ऐंशी लिटर, आणि नाव कुणाचंही असलं तरी तो मालकीचा पुरावा नव्हे.